कसब्याचं मत, दिल्लीत मठारकाम!

कसबा पेठेतल्या तांबट आळीत कधी गेलायत? टण् टण् टण्! तांब्याच्या हंड्यावर हातोडीचे ठोके पडतात आणि एकेका ठोक्यागणिक पत्र्यावर एक गोल, चकचकीत खूण उमटते. या ओळीनं बसवलेल्या खुणांना म्हणतात मठारकाम. ते नुसतं शोभेचं नाही बरं का! ठोके खाऊनच पत्रा कडक होतो आणि भांडं पिढ्यान् पिढ्या टिकतं.

आता थेट दिल्ली! संसदेतही असे ठोके देणारे गट असतात. संख्येनं चिमूटभर, आवाजानं दणदणीत. ‘गरिबांचं काय केलंत?’ म्हणून सरकारला, आणि वेळ आली तर स्वतःच्या पक्षालाही धारेवर धरणारे पुरोगामी. कसबा ज्या पुणे लोकसभा मतदारसंघात येतो, त्यानं असे ठोकेबाज एक नाही, अनेक दिलेत. चला, मोजू या!

माहीत आहे का, ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द आले कुठून? खुर्च्यांवरून! १७८९ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत बदल हवे असलेले अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसले, राजाचे पाठीराखे उजव्या. आपल्या लोकसभेत मात्र सत्ताधारी अध्यक्षांच्या उजवीकडे बसतात. म्हणजे निवडणूक जिंकली की कट्टर डावाही उजवीकडे!

पुण्याचा पहिला मोठा ठोका गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. लोक त्यांना मवाळ म्हणायचे, पण मागणी बघा केवढी जहाल! १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय कायदे मंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची वाट मोकळी करणारं विधेयक आणलं. १९ मार्च १९१२ रोजी मतदान झालं. बाजूनं १३, विरोधात ३८. खल्लास! पुढे शिक्षणहक्क कायदा देशात लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. ९८ वर्षांनी!

तुरुंगात पक्षाची कल्पना शिजते, माहीत आहे का? नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता आणि आपले ना. ग. गोरे यांच्या गप्पा रंगल्या आणि १९३४ मध्ये काँग्रेसच्या पोटातच काँग्रेस समाजवादी पक्ष जन्मला. पक्षात पक्ष, डब्यात डबा!

या नानासाहेब गोऱ्यांचं १९५७ हे साल म्हणजे सिनेमाच. गोवा सत्याग्रहात त्यांना पोर्तुगिजांनी डांबलेलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला सुटका झाली आणि त्याच वर्षी पुण्यानं त्यांना खासदार केलं. हरवलं कोणाला? देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळातल्या काकासाहेब गाडगीळांना! संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीची लाटच तशी होती. मला इथं काकासाहेबांसाठी हळहळ वाटते, कारण संसदेत या मागणीची बाजू त्यांनीही जोरात मांडली होती.

दहा वर्षं पुढे उडी. १९६७. खासदार कोण? एस. एम. जोशी, म्हणजे लाडके एसेम, संयुक्त समाजवादी पक्षाचे. महापौर कोण? पुन्हा नानासाहेब गोरे, पण प्रजासमाजवादी पक्षाचे! दोघं जुने मित्र, दोघं समाजवादी, आणि पाट्या दोन.

आता फुल व्हॉल्यूम, कारण येतायत मोहन धारिया! जन्म १४ फेब्रुवारी १९२५, महाडजवळच्या नाते गावचा. व्हॅलेंटाईन डेचा जन्म, पण पक्षाशी प्रेम आंधळं नाही. चंद्रशेखर, कृष्ण कांत, रामधन आणि धारिया या काँग्रेसमधल्या बंडखोर तरुणांना नाव पडलं ‘तरुण तुर्क’. मूळ तरुण तुर्क खरोखरच तुर्कस्तानचे. १९०८ मध्ये त्यांनी सुलतानाला नमवलं होतं. आपल्या तुर्कांचं लक्ष्य होतं संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे आणि खासगी बँका.

जून १९६७. काँग्रेस महासमितीची बैठक. धारियांनी दुरुस्ती मांडली: संस्थानिकांचे मानमरातबच नव्हे, तनखेही बंद करा! बरेच सदस्य निघून गेले होते. दुरुस्ती मंजूर झाली आणि बड्या नेत्यांची झोप उडाली.

मग बँका. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तुर्कांची जुनी मागणी! यादीत पुण्यात जन्मलेली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. आणि लगेच २१ जुलैच्या सकाळी भारतीय घड्याळानुसार माणसानं चंद्रावर पाऊल ठेवलं. काय शनिवार ते सोमवार गेले असतील ते पेपरवाल्यांचे!

पण तनख्यांचं काय झालं? हा माझा सगळ्यात आवडता किस्सा. ५ सप्टेंबर १९७०, राज्यसभा. घटनादुरुस्तीला दोनतृतीयांश मतं हवीत. बाजूनं १४९, विरोधात ७५. बेरीज २२४, म्हणजे हवी होती १४९.३३ मतं. विधेयक पडलं एकतृतीयांश मतानं! एवढंसं मत कोणाच्या बोटाला तरी असतं का हो? अखेर १९७१ मध्ये २६ वी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे गेले.

त्याच १९७१ मध्ये पुण्यानं धारियांना लोकसभेत पाठवलं. चिन्ह काँग्रेसचं गायवासरू. ते राज्यमंत्री झाले. मग सरकारलाच म्हणाले, आंदोलन छेडणाऱ्या जयप्रकाशांशी बोला. मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद गेलं. आणीबाणीला विरोध केला, तुरुंग पाहिला. १९७७ मध्ये पुण्यानं पुन्हा त्यांनाच निवडलं, या वेळी जनता पक्षाकडून, चिन्ह चक्रातला नांगरधारी शेतकरी. गायवासरू गेलं, नांगर आला, माणूस तोच! पुणेकर मतदाराचा मला यासाठी मनापासून अभिमान वाटतो.

क्विक ब्रेक! अमेरिकेच्या काँग्रेसमधला पुरोगामी गट १९९१ मध्ये सुरू झाला, सहा सदस्यांवर. त्यातले एक बर्नी सँडर्स. कॅनडाच्या संसदेत १९२४ मध्ये असाच गट फुटून निघाला, त्याचं नाव ‘जिंजर ग्रुप’. आपल्याकडे आलं चहात, तिकडे थेट संसदेत!

माहीत आहे का, बिहारनं चार वेळा पुण्याचा माणूस निवडून दिला? मधू लिमये! जन्म १ मे १९२२, पुण्यात. समाजवाद्यानं कामगार दिनी जन्मावं, याहून मॅचिंग काय? शिक्षण फर्ग्युसनमध्ये, निवडून आले मुंगेर आणि बांका इथून. नियमांचं पुस्तक असं पाठ की मंत्री त्यांना उत्तर देताना चाचपडायचे.

त्यांचा एक ठोका तर विसरूच नका. आणीबाणीत लोकसभेची पाच वर्षं संपली, तरी मुदत वाढवून घेण्यात आली. लिमये तेव्हा तुरुंगात होते. मतदारांनी पाचच वर्षं दिली होती, असं म्हणत त्यांनी तिथूनच खासदारकीचा राजीनामा पाठवला. तरुण शरद यादवांनीही तेच केलं. पुढे लिमयांनी खासदारांची पेन्शनही नाकारली.

आणि कोकणचे मधू दंडवते? १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम चढवला. पाठ टेकली की आठवा हं त्यांना!

तुर्कांचं पुढे काय झालं? एक पंतप्रधान (चंद्रशेखर, १९९०), एक उपराष्ट्रपती (कृष्ण कांत, १९९७) आणि एक नियोजन आयोगाचा उपाध्यक्ष, म्हणजे आपले धारिया. पण गावोगाव त्यांचं नाव निघतं ते वेगळ्याच कारणानं. त्यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे एक साधा बंधारा घराघरात पोचला. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि पावसाळा सरता सरता ओढ्यात एकावर एक रचायची. पाणी थांबतं, विहिरी जिवंत राहतात. त्याला आजही लोक म्हणतात, वनराई बंधारा.