संगणकाचे नाव व त्याचा पत्ता

आपल्या व्यवसायातील अनेक पेढ्यांवर आता लाल बांधणीच्या वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे. खाती एका संगणकात ठेवावयाची आणि दिवाणजी व वखारीवरील कारकून यांनी ती आपापल्या जागेवरून पाहावयाची, अशी ही सोय. परंतु ऐन आवकीच्या दिवसांत ‘नेटवर्कचा मार्ग सापडत नाही’ असा संदेश पडद्यावर उमटला, की शेतकऱ्याची पट्टी अडते, गाडीचे भाडे अडते आणि पेढीच्या शब्दास उणेपणा येतो. म्हणून या विषयाची ओळख व्यापारी बंधूंनी स्वतः करून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

संगणक परस्परांस नावाने नव्हे, तर अंकांनी गाठतात. ‘पेढी’ हे नाव आपल्या सोयीसाठी. खरा पत्ता १९२.१६८.१.२० असा. नावावरून अंक शोधून देण्याची डीएनएस ही व्यवस्था पॉल मॉकपेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तत्पूर्वी सर्व नावांची एकच यादी ठेवीत. प्रत्येक संगणकातील ‘होस्ट्स’ फाईल ही तिचीच वंशज होय.

पहिली परीक्षा सोपी आहे. फाईल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन नावाऐवजी अंक लिहावा. खाती उघडली, तर मार्ग व परवानगी ठीक असून दोष केवळ नावाचा आहे. न उघडली, तर तार, फायरवॉल व फाईल-वाटपाची परवानगी तपासावी.

नावाच्या दोषाची कारणे बहुधा तीन. राउटरने संगणकास नवा पत्ता दिला, परंतु इतरांच्या स्मरणात जुनाच राहिला. तेथे ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही आज्ञा तो जुना पत्ता पुसते. दुसरे, वखारीत निराळा राउटर बसविला. नेटबायोसची हाक ही गावातील दवंडीसारखी, ती वेशीपलीकडे जात नाही. तिसरे, दोन संगणकांस एकच नाव दिले, किंवा नेटबायोसच्या १५ अक्षरांच्या मर्यादेपेक्षा लांब नाव ठेवले.

येथे एक धोक्याची सूचना अगत्याची आहे. २०१७ च्या उत्तरार्धातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी १ ही जुनी पद्धत नव्या संगणकांत मुळातच बसविलेली नसते. त्यामुळे यादीत शेजारचे संगणक दिसेनासे होतात आणि ‘ती पुन्हा चालू करा’ असा सल्ला मिळतो. तो मानू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या उपद्रवी प्रणालीने याच पद्धतीतील छिद्रातून शिरून जगभरच्या असंख्य संगणकांतील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. यादीत नाव न दिसणे ही गैरसोय आहे; खाती गमावणे हा सर्वनाश आहे.

कायमचा उपाय असा : खात्यांच्या संगणकाचा पत्ता राउटरमध्ये राखीव करावा, नाव आखूड ठेवावे, आणि हा नाव-पत्ता इतर संगणकांच्या होस्ट्स फाईलीत व पेढीच्या एका कागदी वहीतही नोंदवावा. पत्ता पुढे बदलल्यास या सर्व नोंदी त्याच दिवशी दुरुस्त कराव्यात. व्यापार नावावर चालतो हे खरे. तथापि माल पोहोचतो तो पत्त्यावर, हे आपणांस कोणी निराळे सांगावयास नको.