काळजी घेणाऱ्यांचीही काळजी



बौद्धिक दिव्यांग मुलासाठी निवासी संस्था बघताना आपण इमारत, जेवण, फी विचारतो. पण तिथल्या काळजीवाहकांची ड्युटी किती तासांची, हे विचारतो का?

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं खासगी रुग्णालय होतं. बौद्धिक दिव्यांग प्रौढ तिथे राहत. तिथे होणारी मारहाण २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने उघड केली. रुग्णालय बंद झालं, ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली. त्याआधी तिथल्याच एका नर्सने तक्रार केली होती, पण कोणी लक्ष दिलं नाही. १२-१२ तासांची पाळी आणि प्रशिक्षणात भर कशावर, तर रुग्णाला आवरून धरण्यावर, हेही चौकशीत पुढे आलं. दमलं म्हणून कोणी मारावं असं मुळीच नाही. पण अशा व्यवस्थेत वाईट वागणं खपून जातं.

बोलता न येणारं मूल कान ओढतं, तेव्हा जुन्या ताईंना कळतं की कान दुखतोय. दर महिन्याला माणसं बदलली, तर तेच मूल 'हट्टी' ठरतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी एवढं विचाराच:

१. एका काळजीवाहकाकडे किती मुलं?
२. रात्री जागं कोण असतं?
३. कर्मचारी किती वर्षं टिकतात?
४. न कळवता भेटायला येता येईल का?

छळाची शंका आली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतं. त्यासाठी पालकच असावं लागत नाही. शिक्षकही कळवू शकतात.