काळजीपोटी बोललेले खोटे

“गोळ्या घेतल्या ना?” “हो, घेतल्या.” घरोघरी रोज होणाऱ्या या संवादात काही खोटे असेल, अशी शंकाही आपल्याला येत नाही. पण स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजल्या, तर कधी कधी हिशेब जुळत नाही. आजोबा महागडी गोळी पुरवून पुरवून घेत असतात. आजींनी चक्कर येते म्हणून ती परस्पर बंद केलेली असते. मुलांना त्रास नको, एवढाच दोघांचा हेतू असतो.

परिणाम मात्र गंभीर होऊ शकतो. रक्तदाब आटोक्यात नाही, असे पाहून डॉक्टर गोळ्यांची मात्रा वाढवतात. पुढे ही वाढीव मात्रा नियमित पोटात जाऊ लागली, की रक्तदाब फार उतरतो आणि उठताना तोल जातो. न्हाणीघरात पडल्याचे लपवले, तर पडण्याचे कारणही लपून राहते.

दुसऱ्या बाजूनेही असेच घडते. “रिपोर्ट चांगला आहे,” असे मुले मायेने सांगतात. “साधा कागद आहे, फक्त सही करा,” हे वाक्यही तितक्याच गोड आवाजात येते. दोहोंत फरक ओळखण्यासाठी एकच प्रश्न विचारावा : या लपवण्यामुळे कोणाचा निर्णय हिरावला जातो आहे?

तपशील विचारताच विषय बदलणे, राग येणे, निर्णय झाल्यावर कळवणे, “हे धाकट्याला सांगू नका” अशी अट घालणे, या खुणा लक्षात ठेवाव्यात. मात्र एका खुणेवरून कोणाला खोटे ठरवू नये. विसरभोळेपणा किंवा कमी ऐकू येणे हेही कारण असू शकते. तसे वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

“घेतली का?” याऐवजी “ही गोळी घेतल्यावर कसे वाटते?” असे विचारावे. आठवड्याचा गोळ्यांचा डबा दोघांनी मिळून भरावा. न वाचता सही करू नये. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि ती अट मोडली, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 नुसार न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मार्गदर्शनासाठी 14567 ही हेल्पलाइन आहे.

खरे सांगितल्यावर रागावणे मिळाले, तर पुढच्या वेळी खोटेच ऐकू येईल. म्हणून आधी शांतपणे ऐकून घ्यावे.