चाकांवरचे घर आणि आकाशातील रांग

घर एका जागी असावे आणि प्रवाशाने ते मागे ठेवून निघावे, ही प्रवासाची रूढ कल्पना अमेरिकेने फार पूर्वीच मोडीत काढली. झोपण्याची खाट, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर एवढा सारा संसार एका वाहनात बसवून हिंडणारी कुटुंबे त्या देशात लाखांनी मोजावी लागतात. रिक्रिएशनल व्हेइकल, संक्षेपाने आरव्ही, या नावाने ही वाहने ओळखली जातात. १९५६ च्या कायद्यान्वये आंतरराज्य महामार्गांचे जे जाळे विणले गेले, त्याने या भटकंतीला राजरस्ता मिळवून दिला. उणीव एकच राहिली होती. गाव मागे पडले की टेलिफोनची तारही मागे पडे. पुढे मोबाईल आला. पण नेवाडाच्या वाळवंटात आणि मोंटानाच्या डोंगरांत त्याचे मनोरेही विरळ होत जातात. ही उणीव दूर करण्याचे आश्वासन देत स्पेसएक्स कंपनीने मे २०२२ मध्ये आपल्या स्टारलिंक या उपग्रहसेवेची, खास आरव्हीधारकांसाठी आखलेली योजना बाजारात आणली.

तेव्हापासून असा समज दृढ होत चालला आहे की, माणसाच्या कामधंद्यावरील स्थळाचे बंधन आता संपले. अरण्यात गाडी उभी करावी, तबकडी मांडावी आणि न्यूयॉर्कच्या कचेरीतील काम करावे, असे चित्र जाहिरातींतून रंगविले जाते. चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. स्थळाचे बंधन नाहीसे होण्याऐवजी जमिनीवरून आकाशात गेले आहे, आणि तेथे त्याने किंमत व रांग अशी दोन रूपे धारण केली आहेत.

उंचीचा हिशेब

उपग्रहाद्वारे संदेश पाठविण्याची कल्पना जुनीच आहे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरेल, जमिनीवरून स्थिर भासेल आणि संदेशवहनाला उपयोगी पडेल, हे आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ सालीच दाखवून दिले होते. दूरचित्रवाणीसाठी ही रचना उत्तम ठरली. इंटरनेटचे मात्र तसे नाही. तेथे प्रश्नोत्तरे चालतात. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसेच वर जाऊन खाली येणार. प्रकाशाच्या वेगाने झाला तरी या चौपदरी प्रवासात जवळजवळ अर्धा सेकंद खर्ची पडतो. पत्र वाचणाऱ्याला हा विलंब जाणवत नाही. संभाषण करणाऱ्याला तो पदोपदी अडवितो. शिवाय प्रत्येक मुक्कामी तबकडी समतल मांडून दक्षिण आकाशातील एका ठराविक बिंदूवर अचूक रोखावी लागे, हा उपद्व्याप वेगळाच.

स्टारलिंकने ही उंचीच सुमारे ५५० किलोमीटरवर आणली. विलंब त्यामुळे सेकंदाच्या काही शतांशांइतका उरला. पण इतक्या खालून जाणारा उपग्रह काही मिनिटांतच क्षितिजाआड जातो. म्हणून एकाऐवजी हजारो उपग्रह लागतात. मे २०१९ मध्ये अशा ६० उपग्रहांची पहिली मोठी तुकडी सोडण्यात आली आणि नंतरच्या वर्षांत त्यांची संख्या कित्येक हजारांवर गेली. जमिनीवरची तबकडी आता सपाट पाटीसारखी असते. आतील शेकडो बारीक अँटेनांच्या साहाय्याने ती स्वतः न हलता आपला रोख एका उपग्रहावरून दुसऱ्यावर नेते. प्रवाशाने ती मोकळ्या आकाशाखाली ठेवली म्हणजे झाले.

मोकळे आकाश ही अट मात्र वाटते तितकी किरकोळ नाही. कॅलिफोर्नियातील रेडवूडच्या उंच वृक्षांखाली मुक्काम करणाऱ्याला सावली आणि संपर्क यांतून एकाची निवड करावी लागते, अथवा लांब केबल ओढून तबकडी माळावर न्यावी लागते. दुसरी अट विजेची. तबकडी सरासरी ६० वॅट वीज घेते असे धरले, तर दिवसाकाठी जवळजवळ दीड युनिट लागते. आरव्हीत वापरली जाणारी १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी सव्वा युनिटच्या आसपास वीज साठविते. म्हणजे दिवा न लावता, पंखा न फिरवता, केवळ तबकडी अखंड चालू ठेवली तरी एक बॅटरी दिवसाच्या आत रिकामी होते. मग छपरावर सौरफलक हवेत, जादा बॅटऱ्या हव्यात, नाहीतर जनरेटर हवा. २०२४ मध्ये निघालेल्या लहान तबकडीला वीज कमी लागते, हे खरे. तरीही महिन्याचे शुल्क हा या सेवेच्या खर्चाचा एक भाग झाला, सारा खर्च नव्हे.

जास्त भाडे, मागची जागा

आता शुल्काकडे वळू. मे २०२२ मध्ये स्थिर घरातील ग्राहकाला स्टारलिंकसाठी महिना ११० डॉलर पडत, तर आरव्हीधारकाला १३५ डॉलर. उपकरणाची किंमत ५९९ डॉलर होती. धावत्या गाडीत चालणारी तबकडी त्याच वर्षाच्या अखेरीस आली. तिला २,५०० डॉलर मोजावे लागत. एवढे देऊनही आरव्हीधारकाचा हक्क दुय्यमच होता. गर्दीच्या भागात आणि गर्दीच्या वेळी घरगुती ग्राहकांना अग्रक्रम मिळेल व प्रवाशांचा वेग घटेल, असे कंपनीने आरंभीच सांगून टाकले होते. एस.टी.च्या गाडीत आरक्षण करणाऱ्याकडून कमी भाडे घ्यावे आणि उभ्याने जाणाऱ्याकडून जास्त, तसाच हा प्रकार.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचे समर्थन होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे. एका उपग्रहाच्या टप्प्यात येणाऱ्या भूभागासाठी वहनक्षमता मर्यादित असते. कायमच्या ग्राहकांची मागणी किती आणि कोठे, याचा अंदाज बांधता येतो. उद्या कोण कोठे मुक्कामाला येईल याचा बांधता येत नाही. ॲरिझोनातील क्वार्ट्‌झसाइट हे उन्हाळ्यात जेमतेम काही हजार वस्तीचे गाव. हिवाळ्यात त्याच्या भोवतालच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर आरव्हींचे नगर वसते. त्या दोन महिन्यांच्या मागणीसाठी वर्षभराची क्षमता राखून ठेवणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. अनिश्चित मागणीला जादा दर लावणे यात मुळात वावगे काही नाही.

परंतु या मूल्यभेदाची एक गमतीची बाजूही दिसून आली. घरगुती सेवेसाठी कित्येक भागांत प्रतीक्षायादी होती. आरव्हीच्या सेवेसाठी ती नव्हती. तेव्हा ज्यांच्या दारी आरव्ही नाही अशा काही ग्रामीण कुटुंबांनीही जादा पैसे भरून आरव्हीची योजना घेतली आणि घरीच बसून तिचा वापर केला. रांगेतून सुटका हीच एक विक्रीची वस्तू बनली. सेवा हवी तेव्हा विनाशुल्क स्थगित ठेवण्याची मुभा हे या योजनेचे मोठे आकर्षण होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या मुभेच्या जागी महिना ५ डॉलरची आकारणी आली. रक्कम लहान आहे. पण अटी कोण ठरवितो आणि कोण निमूटपणे स्वीकारतो, हे तिच्यावरून स्पष्ट होते. तबकडी विकत घेतलेल्या ग्राहकाला तीच तबकडी दुसऱ्या कंपनीच्या सेवेला जोडता येत नाही.

पत्ता नसलेला नागरिक

एखाद्या निवृत्त दांपत्याचा किंवा दूरस्थ काम करणाऱ्या संगणकतज्ज्ञाचा वेग संध्याकाळी मंदावला, तर त्यात हळहळण्यासारखे फारसे नाही. परंतु चाकांवरच्या घरात राहणारे सगळेच हौसेचे प्रवासी नाहीत. घरभाडे झेपेनासे झाल्यामुळे जुन्या गाडीत संसार मांडून हंगामी कामाच्या मागे फिरणाऱ्या वृद्ध अमेरिकनांचे जीवन जेसिका ब्रुडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात मांडले. त्यावरील चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ही माणसे सणासुदीच्या दिवसांत गोदामांत सामान हलवितात, शरदात बीटच्या काढणीला जातात, उन्हाळ्यात सरकारी तळांवर देखरेख करतात. कामाचा अर्ज, बँकेचा व्यवहार, निवृत्तिवेतनाचा कागद, डॉक्टरांचा सल्ला, या साऱ्यांची वाट आता इंटरनेटवरून जाते. त्यांच्या दृष्टीने ही सेवा करमणुकीची नसून उपजीविकेची आहे. आणि ज्याला हे शुल्क परवडत नाही, त्याला आजही एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या आवारात गाडी उभी करून तेथील मोफत जोडणीचा आसरा घ्यावा लागतो.

अशा वेळी शासनाने पुढे यावयाचे असते. अमेरिकन शासन आले आहे. पण ते पत्ता विचारीत आले आहे. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने इंटरनेटच्या विस्तारासाठी ४,२४५ कोटी डॉलरची तरतूद केली. ती ज्या नकाशाच्या आधारे वाटावयाची, त्यात घरे, दुकाने, संस्था अशा स्थिर ठिकाणांची नोंद असते. आज ॲरिझोनात आणि चार महिन्यांनी मिनेसोटात असणाऱ्या घराला त्या नकाशावर जागा नाही. गरीब कुटुंबांना महिना ३० डॉलरपर्यंत सवलत देणारी दुसरी एक योजना होती; निधीअभावी तीही जून २०२४ मध्ये बंद पडली.

पत्त्याचा हा प्रश्न भटक्यांनी आपल्या परीने सोडविला आहे. १९७८ साली स्थापन झालेला एस्केपीज हा आरव्हीधारकांचा क्लब टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथून आपल्या सभासदांची टपाल ते असतील तेथे पाठवितो. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून अनेकांनी तेथील रहिवासी म्हणून वाहनपरवाना मिळविला आहे. ज्या देशात चाकावरचे घर स्वातंत्र्याचे प्रतीक समजले जाते, तेथे त्या घरातील माणसाला नागरिक म्हणून वावरण्यासाठी कागदावरचा का होईना, एक स्थिर पत्ता उभा करावा लागतो.

सार्वजनिक लहरी, सार्वजनिक अटी

उपग्रह कंपनीचे असले तरी ते ज्या रेडिओ लहरींवर चालतात त्यांचा वापर शासनाच्या परवान्याने होतो. परवाना देणाऱ्याला अटी घालण्याचा अधिकार असतो आणि तो वापरणे हे त्याचे कर्तव्य असते. गर्दीच्या काळातही किमान किती वेग मिळेल हे लेखी सांगावे, दर आणि अटी बदलण्यापूर्वी पुरेशी मुदत द्यावी, संकटकाळचा संदेश कोणत्याही रांगेत अडकू नये, एवढ्या अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाहीत. स्पर्धेने काही सुधारणा होईल. ॲमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या जाळ्यासाठी उपग्रहांची पहिली मोठी तुकडी सोडली. परंतु हजारो उपग्रहांच्या या धंद्यात प्रवेशाचा खर्चच इतका प्रचंड आहे की, स्पर्धक दोन-चारच राहणार. तेव्हा केवळ स्पर्धेवर विसंबून चालणार नाही.

हा प्रश्न आता परक्या देशापुरताही राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच स्टारलिंकशी इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतील दुर्गम भागांना जोडणे हा त्यामागील हेतू सांगण्यात आला. हेतू स्तुत्य आहे. तथापि करार करताना आकाशातून येणाऱ्या सेवेचा वेग किती, एवढेच विचारून भागणार नाही. क्षमता कमी पडेल त्या दिवशी रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, आणि ती रांग कोण लावणार, हेही विचारावे लागेल. अमेरिकेच्या वाळवंटात उभ्या असलेल्या आरव्हीतील माणसाला या प्रश्नाचे उत्तर दर संध्याकाळी मिळत असते.