साबणदाणी धुवायची कशाला?

‘त्यात साबणच तर असतो! मग ती आणखी कशाने धुवायची?’ हा प्रश्न चांगली शिकलीसवरलेली माणसं विचारतात आणि वर आपण बिनतोड मुद्दा मांडला अशा चेहऱ्याने बघतात. भांड्यांची घासणी, पायपुसणं, बादलीचा तळ यांबद्दल काटेकोर असलेल्या घरातही साबणदाणी कायम सोवळ्यात. ती उचलून खालून बघा म्हटलं की मात्र टाळाटाळ सुरू होते. कारण खाली पिवळट लगदा असतो, त्यात केस अडकलेले असतात, कडेला पांढरं खरखरीत कवच असतं आणि बऱ्याचदा एक गुलाबी रेघही.

या सगळ्यात साबण आहे तो फक्त लगद्यात. वडी तळाशी साचलेल्या पाण्यात बसली की पाणी शोषून फुगते, मऊ पडते. हा साबण अजून पाण्यात विरघळतो, त्यामुळे तो काढणं सोपं. कडेचं कवच हे वेगळंच प्रकरण आहे. साबण म्हणजे तेलातल्या मेदाम्लांचे सोडियमचे क्षार. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असेल तर ते सोडियमला हटवून त्याची जागा घेतात आणि पाण्यात न विरघळणारा नवा पदार्थ तयार होतो. शाळेत दुष्फेन पाण्याच्या धड्यात हे सगळ्यांनी लिहिलेलं असतं, आणि परीक्षेनंतर विसरलेलं. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुधा असंच जड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यावा. तेव्हा टँकर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत डब्या लवकर पांढऱ्या पडल्या तर साबणाच्या कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

गुलाबी रेघेला ‘साबणाचा रंग उतरला’ म्हणणारेही भेटतात. साबण पांढरा असला तरी! ती बहुतेक वेळा सेरेशिया मार्सेसेन्स या जिवाणूची वसाहत असते. १८१९ मध्ये इटलीत पादुआजवळ मक्याच्या पिठल्यासारख्या पोलेंटावर रक्तासारखे डाग उमटले आणि गाव घाबरलं, तेव्हा बार्तोलोमेओ बिझिओ यांनी त्यामागचा जीव शोधून त्याला हे नाव दिलं. ओल आणि साबण-शांपूचा चिकटा मिळाला की तो सुखाने वाढतो. धडधाकट माणसाला सहसा त्रास देत नाही. इस्पितळातली नवजात बाळं आणि कॅथेटर लावलेले रुग्ण यांच्या बाबतीत मात्र तो गंभीर ठरू शकतो.

मग साबणात जंतू मरत नाहीत का? काही मरतात. करोनासारख्या, स्निग्ध आवरण असलेल्या विषाणूंचं आवरण साबण फोडतो. पण हात धुताना साबणाचं मुख्य काम जंतूंना मारणं नसून मळासकट त्यांना त्वचेवरून सोडवणं हे आहे. पुढे त्यांना वाहून नेतं ते नळाचं पाणी. साबणदाणीत असं वाहतं पाणी नसतं. तिथे सगळं साचलेलंच.

एवढं सांगितलं की काही लोक दुसऱ्या टोकाला जातात: ‘म्हणजे घरात प्रत्येकाचा साबण वेगळा हवा!’ अहो, नको. १९६५ आणि १९८८ साली अमेरिकेत साबणाच्या वड्यांना मुद्दाम जिवाणू लावून त्या हात धुवायला दिल्या गेल्या. १९८८च्या प्रयोगात जिवाणूंचं प्रमाण वापरातल्या वड्यांवर आढळणाऱ्या प्रमाणाच्या सुमारे ७० पट होतं, तरी १६ जणांपैकी एकाच्याही हातांवर ते नंतर सापडले नाहीत. हे दोन्ही अभ्यास साबण बनवणाऱ्या कंपन्यांच्या शास्त्रज्ञांचे होते, ही गोष्ट झाकून ठेवायचं कारण नाही. पण अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००२ साली दवाखान्यांसाठी दिलेल्या हस्तस्वच्छतेच्या सूचनाही वडीवर बंदी घालत नाहीत. त्या सांगतात की वड्या लहान ठेवा आणि साबणदाणी पाण्याचा निचरा होणारी घ्या. त्यामुळे बुडाला भोकं किंवा जाळी नसलेली डबी कितीही देखणी असली तरी घेऊ नये, आणि शॉवरच्या धारेखाली तर कुठलीच ठेवू नये.

आता धुण्याकडे. इथे मोबाइलवरच्या व्हिडिओंनी उच्छाद मांडलाय. डबीत खायचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता, फसफस बघा, टाळ्या वाजवा! सोडा अल्क, व्हिनेगर आम्ल. दोघांनी एकमेकांना संपवलं, एवढाच त्या फसफसण्याचा अर्थ. १०० मिलिलिटर साध्या व्हिनेगरमध्ये जवळपास ५ ग्रॅम आम्ल असतं आणि दीड चमचा, म्हणजे ७ ग्रॅम सोडा ते पूर्ण खाऊन टाकतो. वायू उडून जातो आणि डबीत उरतं किंचित खारट पाणी. कवचाला लागणारं आम्ल आपणच वाया घालवलेलं असतं.

आधी लगदा खरवडून गरम पाण्याने डबी धुवावी. हे टाळून थेट व्हिनेगर ओतलं तर आम्लाने साबणाचाच मेणचट चोथा होतो आणि काम वाढतं. मग कवचावर नुसतं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पंधरा-वीस मिनिटं राहू द्यावा. आम्लाने कॅल्शियम सुटतं, मागे राहिलेला चिकट अंश भांड्यांच्या लिक्विडने आणि जुन्या टूथब्रशने निघतो. सोडा वापरायचाच असेल तर वेगळा, कोरडा, घासायला. धुतलेली डबी पालथी घालून वाळवावी. आठवड्यातून एकदा हे केलं तर कवच धरतच नाही.

आता आणखी काही गैरसमज. ‘लिंबू नैसर्गिक, कशालाही चालतं’ हे खोटं आहे. शहाबादी फरशी, कडप्पा, संगमरवर या सगळ्यांत चुनाच असतो आणि आम्ल तो खातं, म्हणून डबी बादलीत धरून धुवा.

‘ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र केलं की दुप्पट स्वच्छ.’ एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग कधीही करू नका.

‘स्टीलच्या डबीला गंज येत नाही.’ तारेच्या घासणीचे तुकडे तिच्यावर राहिले की ते गंजतात, आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडने तर स्टीललाच खड्डे पडतात.

‘जंतुनाशक साबण असला की डबीची काळजी नको.’ अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये ट्रायक्लोसानसह १९ घटकांना अशा साबणांतून बाद केलं, कारण ते साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

‘लिक्विड सोप आणला की प्रश्नच मिटला.’ अर्धवट रिकाम्या बाटलीत वरून नवा सोप ओतू नका, असं सीडीसीच्या त्याच सूचनांत बजावलेलं आहे. बाटली आधी धुवून वाळवावी लागते.

आणि साबणाचं वेष्टन काढून वड्या महिनाभर कपाटात कपड्यांमध्ये ठेवायची आजीची पद्धत? ती बरोबर आहे. ओलावा उडाला की वडी घट्ट होते आणि कमी झिजते. अपवाद फक्त पारदर्शक ग्लिसरीन साबणाचा. तो हवेतलं बाष्प ओढून घेतो, त्यामुळे पावसाळ्यात त्याचं वेष्टन वापरायच्या दिवशीच काढावं.