संकरित ज्वारीचे बी दरवर्षी नवे का घ्यावे?

संकरित ज्वारी चांगली पिकली की तिचीच भरदार कणसे निवडून पुढील पेरणीसाठी राखावीत, असे पुष्कळ शेतकऱ्यांना वाटते. सरळ वाणांच्या बाबतीत ही रीत योग्य आहे; संकरित पिकात मात्र ती तोट्याची ठरते. दुसऱ्या वर्षी उंच व ठेंगणी ताटे मिसळलेली दिसतात, कणसे एका वेळी पक्व होत नाहीत आणि उतारा घटतो. हा दोष जमिनीचा वा खताचा नव्हे. त्याचे कारण फुलात जननपेशी तयार होण्याच्या क्रियेत आहे.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. उंची, पक्वतेचा काळ, दाण्याचा रंग इत्यादी गुण त्यांच्यामार्फत पुढील पिढीत उतरतात. ज्वारीत अशी 20 गुणसूत्रे, म्हणजे 10 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक मातेकडून व एक पित्याकडून आलेले असते.

मूळ, खोड व पाने वाढताना प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होऊन दोन्ही नव्या पेशींना 20-20 गुणसूत्रे मिळतात. उसाचे टिपरे लावले असता वाण बदलत नाही, तो यामुळेच.

फुलात मात्र निराळी क्रिया घडते. तिला अर्धसूत्री विभाजन म्हणतात. तिचे टप्पे असे :

1. प्रथम प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते.
2. जोडीतील दोन्ही गुणसूत्रे शेजारी येतात व आपले काही तुकडे परस्परांत बदलतात.
3. पहिल्या विभाजनात जोडीदार वेगळे होतात. कोणते कोणत्या बाजूस जाईल, याचा नेम नसतो.
4. दुसऱ्या विभाजनात प्रती वेगळ्या होतात व एका पेशीच्या चार पेशी बनतात. प्रत्येकीत 10 गुणसूत्रे असतात.

परागकोशात या चारही पेशींचे परागकण होतात. बीजांडात बहुधा तीन नष्ट होऊन एकच टिकते व तिच्यापासून पुढे अंडपेशी तयार होते. पराग व अंडपेशी यांचा संयोग झाला की गुणसूत्रे पुन्हा 20 होतात.

भारतातील पहिला संकरित ज्वारी वाण सीएसएच-1 हा 1964 साली प्रसारित झाला. संकरित वाणाचे दोन्ही जनक शुद्ध असतात, म्हणून पहिली पिढी एकसारखी व जोमदार निघते. परंतु या पिढीच्या जोड्यांतील गुणसूत्रे परस्परांहून भिन्न असतात. दहा जोड्यांची केवळ वाटणीच 1,024 प्रकारे होऊ शकते; तुकड्यांच्या अदलाबदलीने हे प्रकार आणखी वाढतात. त्यामुळे राखलेल्या बियाण्यातील दाणे गुणांनी निरनिराळे असतात. शिवाय स्वपरागणाने भिन्न गुणांच्या जोड्या पुढील पिढीत सरासरीने निम्म्याच उरतात व संकरजोम ओसरतो.

मालदांडी एम 35-1 सारख्या सरळ वाणात जोडीतील दोन्ही गुणसूत्रे बहुतेक सारखीच असतात. त्यांची वाटणी कशीही झाली तरी फरक पडत नाही. म्हणून त्याचे निवडक, निरोगी बी घरी राखता येते.

शेतकऱ्यांनी संकरित बी दरवर्षी नवे घ्यावे. पिशवी, खूणचिठ्ठी व पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या व राखलेल्या बियाण्याच्या काही ओळी शेजारी शेजारी पेरून दाखवाव्यात. पीक कणसावर आले म्हणजे दोहोंतील फरक शेतकऱ्यांना प्रत्यक्ष पाहता येईल.