लग्नपत्रिकांचा गंजिफा

मैत्रिणींनो, लग्नसराई संपली की घरोघरी पत्रिकांचा ढीग उरतो. टाकवत नाहीत आणि ठेवायच्या तरी कुठे? यंदा मी त्यांचा चक्क गंजिफा केला!

त्याचं असं झालं. माझ्या सासूबाई सावंतवाडीच्या. सासरे गेल्यावर दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे मानपाड्याला आल्या. इथे इमारतीत सगळी दारं बंद; बोलायचं कुणाशी? हळूहळू त्यांचं बोलणंच आटलं. एकदा सहज म्हणाल्या, "लहानपणी आम्ही गंजिफा खेळायचो."

सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी 1971 च्या सुमारास ही मागे पडलेली कला पुन्हा उभी केली. 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण असा हातानं रंगवलेला कॅट शिकाऊ हातांत द्यायला जीव होईना. म्हणून सरावाचा घरीच केला.

कृती सोपी. लहान वाटी पालथी ठेवून 120 गोल चकत्या कापा. दहा अवतार, प्रत्येकाची 12 पानं: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याला मासा, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय अशा खुणा काढा. भिडू तीन. हुकूम नाही, कुठली मोठी पानं पडून गेली हे ध्यानात ठेवायचं, सारी गंमत त्यातच.

शेजारच्या दोघींना बोलावून पहिला डाव मांडला आणि फजिती झाली! 40 गोल पानं हातात मावेनात. त्यातून मत्स्य ते वामन या पाचांत प्रधानाखाली दश्शी मोठी, तर परशुराम ते कल्की या पाचांत एक्का मोठा. मी ऐटीत परशुरामाची दश्शी टाकली. मागे सासूबाई लसूण सोलत होत्या. "अगं, ती सगळ्यांत हलकी! तिनं डाव घेशील होय?"

"आई, मग तुम्हीच बसा ना!"

"मला कुठलं आठवतंय आता?" म्हणत बसल्या, आणि दोन्ही डाव जिंकून उठल्या.

त्यांच्याच सांगण्यावरून दोन सुधारणा केल्या. एक्का मोठा असलेल्या पानांना लाल काठ काढला. आणि शिकाऊंसाठी सहाच अवतार घेतले, पहिले तीन आणि परशुराम, राम, कृष्ण. म्हणजे 72 पानं, प्रत्येकी 24. आता मुलंही झटकन शिकतात.

परवा खेळता खेळता अंधारून आलं. नवा डाव वाटून झाला. रामाचा राजा माझ्याकडे, म्हणून मी उतारी करणार, तोच सासूबाईंनी हात धरला. "थांब. दिवसा रामाची उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाची. कृष्णाचा राजा कुणाकडे आहे?"

हल्ली दुपारी तीनला बेल वाजते. शेजारीण दारातूनच विचारते, "आजी मोकळ्या आहेत ना?" मला कुणी विचारतसुद्धा नाही!

तेव्हा यंदाच्या पत्रिका रद्दीत घालू नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, लहानपणी तुम्ही काय खेळायचात?